मंगळवारची खूण

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्राला सात आठवडे उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागते. काम होतं असं लिहिणार होते. मग वही उघडून पाहिली, तर या सात आठवड्यांत माझ्या दातांच्या लॅबमध्ये फक्त अकरा कवळ्या पूर्ण झाल्यात. एरवी महिन्याला तीसेक होतात. म्हणजे काम नव्हतं. धीर नव्हता.

सोळा डिसेंबरला तू खारूची बॅग घेऊन जिना उतरत होतास. मधल्या वळणावर थांबलास आणि म्हणालास, "तू माझ्याशी असं वागशील असं वाटलं नव्हतं." खारू खाली गाडीत ओठ घट्ट मिटून बसली होती, तुटलेला दात दिसू नये म्हणून. मी वर कठड्याला धरून उभी. तेव्हाचं उत्तर आज लिहितेय. फोनवर आपण दोघं "बरं आहे" आणि "ठेवू का" यापलीकडे कधी गेलोय?

शिवाय आता लिहिणं भागच आहे. उपचार केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फॉर्म तुलाही आला असेल. 'घरच्यांना काय माहीत होतं आणि कधीपासून.' मार्चअखेर भरून द्यायचाय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खारूला सोडणार, आणि तिने तुझ्याकडे राहावं की माझ्याकडे, हे बाई त्या दोन फॉर्मांवरून ठरवणार. मला ती माझ्याकडे हवी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ तुझ्या लक्षात राहील.

आता वहीवरून लिहिते, आठवणीवर विसंबून नाही.

गेल्या जुलैत, म्हणजे ती माझ्याकडे राहायला आली त्याला वर्ष झालं तेव्हा, सकाळी उठल्यावर तिचा जबडा दुखायला लागला. झोपेत दात खात असावी, म्हणून रात्री दातांवर चढवायचं पारदर्शक कव्हर करून द्यायचं ठरवलं आणि तिच्या दातांचा साचा घेतला. प्लास्टर सुकल्यावर तो हातात धरला, तर सुळे झिजून सपाट. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडात पन्नाशीच्या माणसाचे दात. पुढच्या दोन दातांनी बिस्किटाच्या कडा कुरतडायची म्हणून तूच तिला खारू म्हणायला लागलास ना, ते दोन दातही खालून घासलेले. बावीस वर्षं मी अनोळखी माणसांचे जबडे हातात घेऊन सांगत आलेय, हा तंबाखू खातो, हा रागीट आहे, हिला झोप नाही. आणि घरातल्या मुलीचा जबडा हातात घेऊन मी वहीत लिहिलं, "परीक्षेचा ताण."

एकवीस ऑगस्टला त्या कव्हरची डबी धुवायला म्हणून उघडली. डबी मीच दिलेली. आत दोन रंगांच्या गोळ्या होत्या. पांढऱ्या जागं राहायच्या आणि पिवळट झोपायच्या. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खालीच बसली आणि म्हणाली, "आत्या, बाबाला सांगू नकोस. तू म्हणशील तशी सोडते. गळ्याशप्पथ." आणि तिने गळ्याची कातडी चिमटीत धरली, अगदी आपण धरायचो तशी. ती चिमूट तिला तू शिकवलीस की मी, ते मात्र वहीत नाही.

दादा, रविवारी सकाळी अप्पा आपली दप्तरं टेबलावर उपडी करायचे. पेन्सिलींची टोकं, चिठ्ठ्या, सगळ्याचा जाब. तुझी काड्यापेटी माझ्या दप्तरात सापडली तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही. माझ्या मासिकापायी तू पट्ट्या खाल्ल्यास. त्या घरात एकच गोष्ट आपल्या मालकीची होती, एकमेकांचं न सांगणं. ती मी खारूला देऊन टाकली. तुझ्या वाटणीचीसुद्धा. त्या वेळी मला हे फार उदार वाटलं.

मग मी तक्ता केला. गोळ्या माझ्या ताब्यात, लॅबच्या कपाटात. रोज सकाळी खाणं झालं की मोजून द्यायच्या, पाणी पाजायचं, 'आ' करायला लावून जीभ उचलून बघायचं आणि खूण करायची. दर आठवड्याला थोडं कमी. कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. का, तर डॉक्टरने तुला कळवलं असतं. पंचवीस ऑगस्ट ते नऊ डिसेंबर. नऊ डिसेंबरला, मंगळवारी, शून्य. दहा तारखेला कॉलेजच्या जिन्यात तिला फेफरं आलं, पडून पुढचा दात तुटला. पुढचं तुला ठाऊक आहे. ती बाहेरूनही घेत होती हे मला इस्पितळात कळलं.

तक्त्याची नक्कल सोबत जोडतेय. इस्पितळातही हाच तक्ता दाखवला होता. सगळं यात आहे.

तुझी,
छोटी


१५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंना,

पत्र पोचलं. तक्ता पोचला. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, बाईंना खूश करणारं.

मी दर रविवारी फोन करतो. एकवीस ऑगस्ट ते दहा डिसेंबर यात सोळा रविवार येतात, मीही मोजले. सोळा वेळा मी विचारलं, "खारू काय करतेय?" सोळा वेळा तू म्हणालीस, "अभ्यास." एकदा तर आपणहून म्हणालीस, "आता खाते बरं का नीट." मी फोन ठेवून तुझ्या वहिनीला सांगितलं, बघ, छोटीकडे मुलगी सुधारली. तुझ्या वहिनीने त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा रेडिओ लावला होता. एवढ्या बारीक गोष्टी तू वहीत लिहितेस, ही पण लिही.

तुझा तक्ता टेबलावर पसरून पाहिला. आता माझ्या धंद्यातलं सांगतो. प्रत्येक लिफ्टच्या वरच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. तपासनिसाने दर महिन्याला वर चढायचं, दोर हाताने चाचपायचे आणि खूण करायची. ज्या कार्डावर सगळ्या खुणा एका उंचीच्या, एका वळणाच्या असतात, ते मी आधी बाजूला काढतो. तो माणूस वर चढलेलाच नसतो, खाली चहा पीत भरलेलं असतं. वर चढलेल्या माणसाचा हात कुठेतरी हलतो, तेल लागतं. तुझ्या तक्त्यात एकशे सात खुणा आहेत, छोटे. एकही हललेली नाही.

अप्पांनी आपल्याला उघडं पाडून पाडून वाढवलं. ज्या दिवशी खारू झाली त्या दिवशी मी ठरवलं, हिची वस्तू हिच्या परवानगीशिवाय हातात घेणार नाही. मला 'अरे बाबा' म्हण म्हणालो, दार वाजवून खोलीत जात राहिलो. तिचा कप्पा मी कधी उघडला नाही. त्या जुन्या कॉलेजच्या भानगडीनंतरसुद्धा नाही. आणि तू तिच्या जिभेखाली बघत होतीस! अप्पा निदान दप्तरावर थांबले. तू त्यांच्यासारखी झडती घेतलीस आणि आपल्यासारखं लपवलंस. दोन्हीकडचं वाईट तेवढं बरोबर उचललंस.

ती माझ्याकडे येईल. फॉर्ममध्ये मी तसंच लिहिलंय.

तुझी वहिनी म्हणतेय, राग निवळू दे, मग पत्र टाक. म्हणून निवळायच्या आत टाकतोय.

दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

कोणती भानगड?

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा माझ्यावरचे घाव मोजत होते, म्हणून ते वाक्य दिसलं नाही. चौथ्यांदा दिसलं. 'त्या जुन्या कॉलेजच्या भानगडीनंतरसुद्धा.' मला सांगितलं होतंस की तिथले विषय तिला झेपले नाहीत, तिला बदल हवाय, आणि माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे. मी म्हणाले, रिकामी कसली, तिथे प्लास्टरची पोती आहेत. तू हसलास आणि दुसऱ्या दिवशी येऊन पोती स्वतः हलवलीस.

आता मी मागे जाऊन एकेक गोष्ट उचलून बघतेय.

तिला सोडायला आलास तेव्हा न्हाणीघराची कडी तपासलीस. बाहेरून उघडता येते का, ते दोनदा करून पाहिलंस. मला वाटलं, लिफ्टवाल्याची खोड. मग चहा पिताना विचारलंस, "तुझ्या मानेच्या गोळ्या कुठे ठेवतेस गं?" मी म्हणाले, दुखतं अजून, पण घेत नाही फारशा. तर म्हणालास, "लॅबमध्ये कुलपात ठेव. मुलं उगाच डोकं दुखलं की उचलतात." दादा, मला त्या वेळी किती बरं वाटलं होतं. वहीत आहे, वाचून दाखवू का? "दादाला माझ्या मानेचं लक्षात होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

तू माझ्या मानेबद्दल विचारत नव्हतास.

तुला माहीत होतं. काय माहीत होतं आणि कधीपासून, तेच तर फॉर्ममध्ये विचारलंय. तू काय लिहिलंस तिथे? डिसेंबर?

मी सोळा रविवार खोटं बोलले, कबूल. पण तू एक वर्ष पाच महिने बोललास, आणि माझ्या भोळेपणाच्या भरवशावर बोललास. जबडा दुखतोय म्हणाली तेव्हा मला आधीचं ठाऊक असतं, तर तो साचा हातात घेतल्यावर मी 'परीक्षेचा ताण' लिहिलं असतं का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे स्वतःलाही विचारतेय. कदाचित लिहिलं असतंही. पण ते ठरवायची संधी तू मला दिली नाहीस.

खुणांबद्दल म्हणशील तर माझा हात कामात हलत नाही. तेच माझं पोट भरतं.

उत्तर दे.

छोटी


८ मार्च

छोटे,

तीन वेळा पत्र लिहून फाडलं. हे चौथं. तुझ्या वहिनीने बघितलं आणि म्हणाली, हे फाडलंस तर मीच लिहीन तिला. म्हणून टाकतोय.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. मी एका इमारतीत बाराव्या मजल्यावर दोर बघत होतो. कॉलेजातून फोन आला, येऊन जा. प्राचार्यांच्या टेबलावर तिची पेन्सिलपेटी होती आणि त्यात गोळ्यांच्या तीन पट्ट्या. प्राचार्य म्हणाले, "मुलगी हुशार आहे, म्हणून पुढे कळवत नाही. तुम्ही तिला इथून काढा." मी त्यांचे आभार मानले. विचार कर, मी त्या माणसाचे आभार मानले.

डॉक्टरकडे नेलं. तीन आठवडे रोज. डॉक्टर म्हणाले, घरात सगळ्यांना सांगा, ज्यांच्याकडे जाते-येते त्यांना सांगा. मी म्हणालो, हो. तुझी वहिनी म्हणत होती, निदान छोटीला सांगू. मीच नको म्हणालो. दोन कारणं होती, दोन्ही लिहितो. एक, तुला सांगितलं असतं तर तू तिला ठेवून घेतलं नसतंस. दुसरं, घेतलं असतंस तर रोज तिच्याकडे त्या नजरेने बघितलं असतंस. मला तिला असं एक घर द्यायचं होतं जिथे कुणालाच काही माहीत नाही. तेव्हा मला वाटलं, एवढी मोठी भेट मी आजवर तिला दिली नाही.

आणि कप्पा. डॉक्टरांकडून आल्यावर मी तिच्या टेबलाला नवं कुलूप बसवलं. किल्ली तिच्या हातात दिली, आणि दुसरी तिच्यादेखत गॅलरीतून खाली फेकली. म्हणालो, माझा तुझ्यावर विश्वास आहे. ती रडली. मी पण. अप्पा असते तर बघत राहिले असते, असं मनात आलं. म्हणजे त्या वेळीही मी तिच्याकडे बघत नव्हतो. अप्पांना दाखवत होतो. अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली.

फॉर्ममध्ये मी डिसेंबर लिहिलंय. अजून दिलेला नाही.

गेल्या रविवारी केंद्रात गेलो होतो. तिने भेटायला नकार दिला. समुपदेशक बाई म्हणाल्या, पत्र लिहिते म्हणालीये. बाहेरच्या बाकावर तास काढून परत आलो. बाकाला एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा घालून आलो.

तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. तो यात मिसळू नकोस.

दादा


२१ मार्च

आत्या,

इथे फोन देत नाहीत म्हणून कागद. बाबालाही आजच लिहिलंय. अक्षरावर हसू नकोस, अजून हात थोडा थरथरतो. खोलीत आम्ही तिघी आहोत. एक शाळेत शिक्षिका होती, ती झोपेत हजेरी घेते. परवा मी "हजर" म्हणाले, तर झोपेतच ओरडली, "उभं राहून सांग!" इथे सकाळी सगळ्यांची भांडी माझ्याकडे असतात. तू म्हणायचीस ना मी एक कप विसळत नाही. ये बघायला, छत्तीस विसळते.

बाबाने तुला कुलपाचं सांगितलं का? मी त्याला जे लिहिलं ते तुलाही सांगते. किल्ली दिली तेव्हा मला चार दिवस भारी वाटलं. मग एकटं वाटायला लागलं. म्हणजे आता सगळं माझ्यावरच, असं. मी परत सुरू केलं. आणि किल्ली कुलपालाच लावून ठेवायला लागले. काही झालं नाही. मग कप्पा अर्धा उघडा ठेवला, गोळ्यांची पट्टी वरच दिसत होती. मी पलंगावर डोळे मिटून पडले होते. बाबा फडकं घेऊन टेबल पुसायला आला. थांबला. मग कप्पा हळूच आत ढकलला, आवाज होऊ नये म्हणून. आणि किल्ली काढून माझ्या उशीजवळ ठेवली.

त्याने बघितलं की नाही, मला अजून माहीत नाही. मी त्याला तेवढंच विचारलंय.

आता तुझं. तू रोज 'आ' कर म्हणायचीस, जीभ उचल म्हणायचीस. तोंडात काय आहे ते बघायचीस. दिवसभर कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, ते कधी विचारलं नाहीस. मी तक्त्याचा फोटो काढून मैत्रिणींना दाखवला होता. आम्ही खूप हसलो. कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसून हसलो आणि तिथेच घेतल्या. सप्टेंबरपासून. तू सकाळी एवढ्या आनंदात खूण करायचीस की मला वाटायचं, असू दे, निदान हिचं तरी चांगलं चाललंय.

बाई म्हणतात, दुसऱ्यांचं लिहून झालं की स्वतःचं लिही. तर लिहिते. गोळ्या मी घेतल्या. तुम्ही भरवल्या नाहीत.

तो मंगळवार सोडून.

त्याचं काय करायचं, आत्या? बाई फॉर्मबद्दल बोलत होत्या. तुझ्या तक्त्यात त्या दिवशी शून्य आहे, असं त्यांच्या बोलण्यात आलं. मी गप्प बसले. बाबाला तू लिहिलंस का? लिहिलं नसशील तर मीही सांगत नाही. कुणालाच नाही. गळ्याशप्पथ. मला तुझ्याकडेच यायचंय. बाबाच्या घरी सगळे माझ्याशी दार वाजवून बोलतात.

आणि जिथे कुठे येईन तिथे एक करा. रोज मला तोंडाने विचारा, "आज घेतलीस का?" जेवताना, सगळ्यांसमोर. मी कदाचित खोटं बोलेन. तरी विचारा.

खारू

ता. क. दाताचं काय झालं? बोलताना हवा जाते. शिक्षिका मला शिट्टी म्हणते.


२९ मार्च

दादा,

खारूचं पत्र सोबत पाठवतेय, जसंच्या तसं. माझ्यासाठी लिहिलेलं आहे, तिला न विचारता पाठवतेय. तिच्या भाषेत ही चहाडी होईल.

ते वाचून झालं की हे वाच.

नऊ डिसेंबरला, मंगळवारी, तक्त्याप्रमाणे शून्य होतं. सकाळी मी दोन कप चहा केला, कपाट उघडून रिकामी डबी तिला दाखवली आणि टाळी वाजवली. खरोखर वाजवली. ती हसली. अकराच्या सुमारास लॅबमध्ये आली तेव्हा घामाने भिजली होती. हात इतके थरथरत होते की कपाटावर ठेवलेली कवळी तिचा धक्का लागून पडली. "आत्या, आजचा दिवस दे. आजचा एकच." डॉक्टरला बोलवायला हवं होतं. फोन माझ्या समोर होता, मेण लागलेला, हातभर अंतरावर. मी फोनकडे बघितलं आणि मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, शेवटच्या दिवशी तक्ता बिघडला.

मी कुलूप उघडलं आणि माझ्या मानेच्या गोळ्यांतल्या दोन तिला दिल्या. तूच कुलपात ठेवायला सांगितलेल्या. त्या कसल्या आहेत, तिच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर त्यांचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तासाभराने ती निवांत झाली. मी तुटलेली कवळी नव्याने करायला घेतली. दुपारी वहीत लिहिलं, "आज शून्य. पार पडलं." आणि तक्त्यात खूण केली. हात हलला नाही.

दादा, वीस वर्षांच्या वह्यांत मी जाणूनबुजून लिहिलेलं ते एकमेव खोटं आहे. असं आजवर मला वाटत होतं. आता बाकीची पानं पुन्हा वाचावी लागतील.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्या तरुण डॉक्टरने विचारलं, "गेल्या दोन दिवसांत काय काय पोटात गेलंय?" मी पिशवीतून तक्ता काढून पुढे धरला. तो म्हणाला, "असं सगळ्यांनी लिहून ठेवलं तर आमचं काम किती सोपं होईल." मी "हो" म्हणाले. त्याने त्या शून्यावर विश्वास ठेवून उपचार केले. केंद्रातल्या कागदांवरही आजपर्यंत तेच शून्य आहे. त्या दोन गोळ्यांनी तिला फेफरं आलं, की बाहेरच्यांनी, की सगळ्या एकदम सुटल्याने, हे मला कळायला मार्ग नाही. ज्यांना कळलं असतं त्यांच्यापासून मी ते लपवलं. पहिल्या पत्रात तुला लिहिलं, "सगळं यात आहे." तुला खुणा बघूनच कळलं होतं की माणूस वर चढलेला नाही. मी तुला हाताच्या सफाईचं उत्तर दिलं.

खारूची चिठ्ठी मंगळवारीच आली होती. चार दिवस ती मी कामाच्या टेबलावर उलटी ठेवून काम केलं. मोह किती सोपा होता, बघ. ती बोलणार नाही, मी बोलणार नाही, तुझा फॉर्म डिसेंबर म्हणतोय, माझा ऑगस्ट, म्हणजे मी तुझ्यापेक्षा खरी. ती माझ्या प्लास्टरच्या खोलीत परत येईल. आम्ही दोघी रोज जेवायला बसू, आणि टेबलावर आमच्या मधोमध तो मंगळवार. ती मला सांभाळून घेईल. आपण काड्यापेटी सांभाळायचो तशी. एकोणिसाव्या वर्षी तिने आपल्या दोघांकडून नेमकं हेच उचललंय, दादा. तू तिच्याशी झडती न घेता वागलास, मी झडती घेऊन वागले, आणि ती दोन्ही घरांत न सांगायलाच शिकली. त्या चिठ्ठीत मला गोळ्यांपेक्षा जास्त भीती 'गळ्याशप्पथ'ची वाटली.

म्हणून फॉर्ममध्ये मंगळवार लिहिला. आज टपालात टाकला. हे वाचून बाई तिला माझ्याकडे पाठवणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं. ती तुझ्याकडे येईल. तू तुझ्या फॉर्ममध्ये मार्च लिही, दोन वर्षांपूर्वीचा. आणि तिने जे विचारलंय, कप्पा ढकलताना तुला पट्टी दिसली होती का, त्याचं खरं उत्तर तिला दे. मला नको देऊस. मला अंदाज आहे.

तुझ्यावरचा राग माझाही आहे तसाच आहे. तू मला आजारी मूल दिलंस आणि आजार सांगितला नाहीस. मी तुला मूल परत दिलं आणि गोळी सांगितली नाही. फिट्टंफाट झाली म्हणता आलं असतं, पण देण्याघेण्यात वस्तू नव्हती, खारू होती.

तिचा पुढचा दात तयार आहे. रंग जुळवायला तीन दिवस लागले. शेजारच्या दाताची झीज बघून याचीही कड थोडी घासून घेतलीय. अगदी नवाकोरा लावला असता तर हसताना तोच दिसला असता. तुझ्या पत्त्यावर पाठवतेय, तिथल्या दंतवैद्याकडून बसवून घे. आणि दार वाजवणं बंद कर. जेवताना विचार. तुला जमणार नाही, वहिनीला सांग, ती विचारेल. तिला हे आपल्याआधी कळलं होतं.

आज रविवार आहे. सकाळपासून लॅबचं टेबल रिकामं करून बसलेय, अप्पा करून घ्यायचे तसं. वहीच्या उद्याच्या पानावर एकच ओळ लिहिलीये:

सकाळी दहा वाजता केंद्रात डॉक्टरांना फोन करणे. मंगळवारच्या दोन गोळ्यांचं नाव पाकिटावरून वाचून सांगणे.

छोटी